खिशातली तिकिटं

४ फेब्रुवारी

ताई,

वर नमस्कार लिहिला आहे असं समज. दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे ते खुशाली विचारायला नाही. एकच विचारायचं आहे आणि त्याचं सरळ उत्तर हवं आहे. माझी मुलगी तुझ्याशी बोलते का?

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू वर्गावर असल्यासारखी मध्येच तोडतेस आणि मी मुद्दा विसरते. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

भिंगरी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव तूच ठेवलं होतंस. आता यायला हवंस बघायला. डिसेंबरात निकाल लागला, पाचपैकी चार विषयांत नापास. पाचवा कसा सुटला ते तिलाही सांगता येईना. त्यानंतर महिनाभर बाईसाहेब पांघरुणात. मी सकाळी लाँड्री उघडायला खाली उतरले की झोपलेली, दुपारी जेवायला वर आले तरी तशीच. काही विचारलं की 'बघू' आणि 'होईल'. या दोन शब्दांवर तिने अख्खा महिना काढला.

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. शिकवणी लावली. सर रोज घसा फोडून शिकवायचे आणि ही मान डोलवायची. शेवटी सरच म्हणाले, "बाई, पालथ्या घड्यावर पाणी ओततोय मी." फोन काढून घेतला. भिंतीवर वेळापत्रक लावलं. तिच्या पुस्तकातला पहिला धडा मी स्वतः वाचायला घेतला, म्हणजे निदान प्रश्न तरी विचारता येतील. दुसऱ्या पानावर मलाच झोप लागली, पण हे तिला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

आणि मग जानेवारीच्या मध्यापासून चमत्कार. हाक न मारता उठते. अंघोळ, डबा, पिशवी, आठच्या ठोक्याला घराबाहेर. उलट उत्तर नाही, दार आपटणं नाही. दुसरी आई असती तर पेढे वाटले असते. मी वीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढते आहे. जो डाग पहिल्याच पाण्यात गेला असं वाटतं तो गेलेला नसतो, कापड ओलं असतं म्हणून दिसत नाही एवढंच. पाणी कुठेतरी मुरतंय.

यांना विचारलं तर इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाले, "जातेय ना कॉलेजला? मग झालं तर." ह्यांचं नेहमीचंच, मूग गिळून बसायचं आणि त्याला शांत स्वभाव म्हणायचं.

ती जाते हे मला ठाऊक आहे. कसं ते सांगते. आमच्या दुकानात एक नियम आहे. कपडा टाकीत जाण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे सापडेल ते कागदी पुडीत, पुडीवर कपड्याचा नंबर, आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. लोकांच्या खिशांत काय काय सापडतं ते मी तुलाही सांगणार नाही. म्हणून तर अर्धं गाव आमच्याकडे कपडे टाकतं. पण हा नियम गिऱ्हाइकांसाठी, घरच्यांसाठी नाही. भिंगरीच्या खिशांत रोज बसचं तिकीट सापडतं. कॉलेजच्या मार्गाचं, तारखेसकट. खिसा खोटं बोलत नाही.

मात्र ती कुणाच्या सांगण्यावरून एवढी सुतासारखी सरळ झाली, हे काही खिसा सांगत नाही. मला जे जमलं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी जमलं आहे. आणि गोड बोलून मुलांना वळवायचं आणि आईला कैदाशीण ठरवायचं, ही पद्धत मला ओळखीची आहे. तिच्या प्रवेशाच्या वेळी भरल्या घरात म्हणाली होतीस ना, "हे कॉलेज तू निवडलंस, पोरीने फक्त मान हलवली"? ते मी विसरलेले नाही.

तेव्हा सांग. बोलते की नाही?

तुझी धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तीन ओळी. 'तिने मला फोन केलेला नाही. मीही तिला केलेला नाही. ती बरी आहे का, नीट जेवते का?'

मी ते चार वेळा वाचलं. फोन केला नाही म्हणतेस, पण भेटली नाही असं कुठे म्हणतेस? आणि 'जेवते का' हे कुठून आलं? मी जेवणाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. डबा अर्धा परत येतो हे मला आणि यांना सोडून कुणालाच माहीत नाही. मग तुला कसं सुचलं? तू काही ताकास तूर लागू देणार नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी खोडी काढलीस तरी सापडायचे मीच.

पण आता तुझ्यापेक्षा मोठी गोष्ट झाली आहे. मी हे दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही म्हणून तुला लिहिते. तुला माफ केलं असा अर्थ काढू नकोस.

मंगळवारी तिच्या कपड्यांचा ढीग खाली आणला. निळ्या जीन्सच्या खिशात आदल्या दिवशीचं तिकीट होतं. बरं वाटलं. मग दुसरा खिसा उलटा करताना बोटाला टोचलं. बघते तर कमरेच्या आतून पिन. धुवायच्या आधी आम्ही प्रत्येक कपड्याला नंबरची चिंधी पिनेने लावतो आणि घडी घालताना काढून टाकतो. गेल्या खेपेला यांनी ती काढलीच नव्हती. ताई, पोटाला पिन टोचत असताना बसमध्ये आणि वर्गात दिवसभर कोण बसेल? पायांवरची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती जीन्स कुणी घातलीच नव्हती. मग सोमवारचं तिकीट त्यात काय चालत आलं?

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बाकीचे कपडे बघितले. दोन शर्टांना वासही नव्हता. म्हणजे न घातलेले कपडे चुरगाळून ढिगात टाकायचे आणि वर तिकीट ठेवायचं. आणि एका खिशात तर एकाच बसची, एकाच वेळेची दोन तिकिटं, एकमेकांना चिकटलेली. एक माणूस एका बसची दोन तिकिटं काढत नाही. दुसरं कुणाचं?

कोण आहे तो? तुला माहीत असेल तर आत्ताच सांग.

आमच्याकडे त्या कॉलेजातल्या एक मॅडम प्रयोगशाळेतले पांढरे कोट टाकतात. गिऱ्हाइकाकडे घरचं काढायचं नाही हे मी आजवर पाळलं. काल मोडलं. कोट हातात देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंचा चेहरा असा काही झाला की मी उगाच पावतीपुस्तक चाळू लागले. म्हणाल्या, "या सत्रात तिला मी वर्गात पाहिलेलंच नाही. मला वाटलं, आजारी आहे." महिनाअखेर हजेरीची यादी लागते. यादीत नाव नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि भिंगरीची ही दुसरी संधी हुकली तर तिचं नाव कॉलेजातून कमी होईल. "अजून आली तर मी काहीतरी मार्ग काढते. पण ती यायला हवी," असं म्हणाल्या.

महिनाअखेर म्हणजे आली की. यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिच्याशी बोल." बोल म्हणे! हातात पुरावा असल्याशिवाय बोलले तर ती मलाच खोटं पाडेल. उद्या मी तिच्या मागे जाणार आहे.

धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहिते. मी उगाच संशय घेतला. काल जाऊन बघून आले. काही नाही, सगळं ठीक आहे. मुलगाबिलगा कुणी नाही. तिच्या वयात असं होतंच.

आधीची दोन्ही पत्रं फाडून टाक. आमच्याकडे सगळे मजेत. दुकानात काम फार आहे, त्यामुळे आता मध्यंतरी लिहायला जमणार नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू ओळखलंसच असशील. कारण एवढं गोड पत्र मी तुला जन्मात लिहिलेलं नाही. आणि तू लगेच उलट टपाली काही विचारलंही नाहीस, त्याचाही मला दोन दिवस संशय आला होता. आता तो घ्यायची ताकद नाही. जे झालं ते सांगते.

त्या दिवशी ती निघाल्यावर मी हँगरवरचा एका गिऱ्हाइकाचा राखाडी कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि मागे गेले. गिऱ्हाइकाचा कपडा अंगावर चढवणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. पण माझे सगळे कपडे तिला पाठ आहेत.

ती मोठ्या बसस्थानकावर गेली. कॉलेजच्या मार्गाची बस लागली होती. ती रांगेत उभी राहिली. रांग पुढे सरकली, ती पायरीपर्यंत पोचली, दांडा धरला, आणि मग बाजूला होऊन मागच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही जा." त्याच्या मागच्यालाही जाऊ दिलं. त्याच्या मागचीलाही. बस गेली. पुढच्या बसलाही तेच. तिसऱ्या बसच्या वेळी ती रांगेत उभी राहिलीच नाही, बाकावर जाऊन बसली.

मी वर्तमानपत्रांच्या टपरीआड उभी होते आणि त्या मुलाची वाट बघत होते. तो कसा दिसत असेल, त्याला काय काय सुनवायचं, सगळं तयार होतं. कुणीही आलं नाही. ती एकटीच होती, ताई. डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. पुस्तक मांडीवर होतं पण उघडलं नव्हतं. मुलगा असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. निदान भांडायला कुणीतरी समोर असतं.

मग कॉलेजकडून परत येणारी बस आली. माणसं उतरली, हातातली तिकिटं तिथेच टाकून पांगली. गर्दी गेल्यावर ती उठली आणि वाकली. एक तिकीट उचललं, तारीख बघितली, गुडघ्यावर ठेवून सरळ केलं. दुसरं उचललं, त्यावर कुणाचा तरी बूट उमटला होता, ते परत टाकलं. तिसरं उचललं. चांगलं बघून निवडत होती. मग तिने ते पुस्तकात ठेवलं, चुरगळू नये म्हणून.

माझी मुलगी बसस्थानकावर लोकांनी फेकलेली तिकिटं वेचत होती. माझ्यासाठी.

मी पुढे गेले नाही. घरी आले, कोट हँगरला लावला आणि दिवसभर शर्टांना नंबर लावत बसले. दुसऱ्या दिवशी तुला ते खोटं पत्र टाकलं. पुढे रोज कपड्यांत एक तिकीट सापडत होतं आणि मी रोज ते बघून काही न बोलता बाजूला ठेवत होते. एवढे दिवस मी पुरावा शोधत होते. सापडल्यावर त्याचं करायचं काय, हा विचारच केला नव्हता.

काल जेवताना तोंडातून निघून गेलं, "तिकिटं का गोळा करतेस?"

तिचा हात थांबला. रडेल असं वाटलं, रडली नाही. "तुला कळलं?"

"हो."

"कधी?"

"झाले पाच-सहा दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

तिने बाबांकडे बघितलं. हे ताटात बघत होते. मग ती म्हणाली, "तू खिसे बघतेस हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तिकीट सापडलं की तू त्या दिवशी शांत असतेस, आई. बाबांशी हसून बोलतेस. मला अभ्यास जमत नाही. म्हटलं, एवढं तरी करावं."

ताई, मी ताट बाजूला सारलं.

"बसमध्ये का चढत नाहीस?" मी विचारलं.

"चढले की वर्गात जावं लागतं. वर्गात सगळे कुठल्या कुठे गेलेत. मला पहिल्या वर्षाचंच कळलेलं नाही. आता कुठून सुरू करायचं, तेही कुणाला विचारता येत नाही. विचारलं की सगळे बघतात."

"मला सांगायचंस ना!"

"तुला सांगायला जागाच नसते. तू विचारत नाहीस, तपासतेस."

यावर मी काय बोलले असेन असं तुला वाटतं? मी म्हटलं, "मोठ्यांशी असं बोलतात?" एवढंच सुचलं. ती उठून गेली. मग हे हळूच म्हणाले, "मला वाटतच होतं काहीतरी." मी यांच्यावर इतकी ओरडले की शेजारचा दुकानदार जिन्यावर आला. त्या जीन्सची पिन हे विसरले होते की मुद्दाम ठेवली होती, हे अजून मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

तुझ्यावर घेतलेला संशय खोटा निघाला. एवढं लिहिते, यापुढचं मनात समजून घे.

धाकटी


२८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. यावेळी तू मला काहीच शिकवलं नाहीस. मी दोनदा उलटून बघितलं, मागे कुठे काही लिहिलं आहे का. नव्हतं.

त्या जेवणानंतर मी सकाळपर्यंत सगळा बेत आखला होता. डॉक्टरांचा दाखला आणायचा, मॅडमना गाठायचं, हजेरीचं बघायचं, रोज तिला मी स्वतः बसमध्ये बसवून द्यायचं, लागलं तर शेजारी बसून जायचं. वर्ष वाचलं असतं. ती शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मॅडमना मी भेटते. एकटी. तू येऊ नकोस."

आणि गेली. कशी गेली, बसने की पायी, मी विचारलं नाही. तो राखाडी कोट तिथेच लटकत होता, त्याचं गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. मी कोटाकडे पाठ करून उभी राहिले. यांनी न सांगता माझ्यासमोर चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

ती दुपारी आली. तोंड उतरलेलं, केस विस्कटलेले, पण आवाज स्वच्छ होता. "या वर्षी परीक्षेला बसत नाही म्हणून सांगून आले. मॅडम म्हणाल्या, आईला घेऊन ये, मग ठरवू. मी म्हटलं, आई शेजारी असली की मी तिला आवडतील तीच उत्तरं देते. म्हणून एकटी आले."

नाव कमी होणार. मॅडम म्हणाल्या, पुन्हा यायचं असेल तर पहिल्या वर्षापासून दार उघडं आहे, ते तिने ठरवायचं. तिने काही ठरवलेलं नाही. वर्ष गेलं, ताई. वर्ष नाही, दोन गेली. या वर्षासाठी मी काय काय केलं होतं ते देवाला माहीत. त्या पोरीने काय काय केलं, ते मात्र आता मलाही माहीत आहे.

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. तिचे खिसे बघायचे नाहीत, आणि प्रश्नही विचारायचे नाहीत. काहीच नाही. हवी होती ना मोकळीक, घे. कपडे ती स्वतः धुते. मी जेवायला वाढते, ती जेवते. घरात आवाज म्हणून नाही. यांनासुद्धा ते जड जायला लागलं, म्हणजे बघ किती शांतता असेल. मला वाटलं, मी फार चांगलं वागते आहे.

एक काम आहे तुझ्याकडे. तिचा फोन मी परत दिला आहे, त्यावर तिच्याशी बोल. तू मास्तरीण आहेस, अडलेल्या मुलाला कुठून सुरू करायचं ते कसं सांगतात हे तुला माहीत असेल. फोनवर काय बोललात ते मला कळवू नकोस. मी विचारेन, पण तरी सांगू नकोस.

आणि आज सकाळचं सांगून थांबते. दुकान नुकतंच उघडलं होतं. एक गृहस्थ सूट न्यायला आले होते आणि मी त्यांच्या सूटवरचा नंबर शोधत होते. भिंगरी पायात बूट घालून खाली आली आणि काउंटरपाशी उभी राहिली.

"आई, मी बाहेर जातेय."

"बरं," मी म्हटलं आणि नंबर शोधत राहिले.

ती हलेना. "कुठे, ते विचारणार नाहीस?"

"नाही. तुला त्रास होतो ना त्याचा."

"आठवडा झाला, तू मला काहीच विचारलेलं नाहीस." ती काउंटरवर वाकली. "विचार ना गं."

मी सूट खाली ठेवला. सवयच गेल्यासारखं झालं होतं, शब्द जुळवावे लागले. "कुठे चाललीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि तिथेच, त्या परक्या माणसासमोर, ढसाढसा रडायला लागली.

एरवी मी म्हटलं असतं, माहीत नाही म्हणजे काय, खरं सांग. पण ताई, ती खरंच सांगत होती. मला ते दिसत होतं, आणि मला ते पटलं. मी काउंटरची फळी उचलली आणि तिला आत घेतलं. एवढी मोठी मुलगी, माझ्या खांद्यावर मावेना.

गृहस्थ जरा वेळाने खाकरले. म्हणाले, "बाई, माझा सूट..."

मी म्हटलं, "थांबा जरा. आम्ही बोलतोय."

तुझी धाकटी